कोणता गाल

बाबांना जाऊन महिना झाला तरी सुमेधाला रडू आलं नव्हतं. दिवसकार्य, बँक, पेन्शनची कामं तिनं ऑफिसातल्यासारखी उरकली. आकुर्डीच्या घरातल्या कपाटात त्यांनी काढलेल्या-जपलेल्या फोटोंच्या जुन्या स्लाइड्स होत्या, त्याही तशाच उचलून तिनं पिंपरीतल्या एका स्कॅनिंगच्या दुकानात दिल्या.

शनिवारी ती चौकशीला गेली तेव्हा दुकानदार सुजित फिल्मचा एक तुकडा चिमट्यात धरून बसला होता.

"मॅडम, ही पुठ्ठ्याच्या चौकटीतून निसटलीय. बुरशीनं दोन्ही बाजू सारख्याच झाल्यात. उलटी स्कॅन झाली तर डावं-उजवं बदलेल. यांचा तीळ कुठल्या गालावर होता?"

स्क्रीनवर तरुणपणीचे बाबा स्वेटर घालून एका कोऱ्या भिंतीपुढे उभे होते, तीळ डाव्या गालावर. जन्मभर पाहिलेला चेहरा, पण सुमेधाला काही केल्या आठवेना. तिनं आईला फोन लावला.

आई म्हणाली, "उजव्या. दाढी करताना तिथंच कापायचं त्यांना. मी तुरटी लावून द्यायचे."

"बरं," सुमेधा म्हणाली.

"येताना कोथिंबीर आण."

सुजितनं तुकडा पालटून पुन्हा स्कॅन केला. तीळ उजव्या गालावर आला. आता तरी आत काहीतरी हलेल म्हणून सुमेधा त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काहीच हललं नाही. नुसते हात गार पडले होते, ते तिनं ओढणीत गुंडाळून घेतले.

"बाकीच्या कधी मिळतील?"

"बुधवारी या."

मान हलवून ती पायऱ्या उतरली.