भातलावणीतले अपूर्णांक

वालाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवत बाळाजी सर म्हणाले,

"बाई, माझे अपूर्णांक शेतीत घातलेत तुम्ही."

सुचिताबाईंनी खडू खाली ठेवला. तळा गावाहून नागावपर्यंत एसट्या बदलत माणूस भांडायला येतो आणि येताना मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी शेंगाही आणतो, हे आपल्याकडेच घडावं. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि मुलांना वाचायला बसवलं.

भांडण टॅगांचं होतं. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी स्वतः केलेले धडे, खेळ, चित्रफिती इंटरनेटवर एकत्र ठेवल्या होत्या, पण नावं ज्याने त्याने आपल्या मनाने दिलेली. एकाचं 'परिसर', दुसऱ्याचं 'आपलं गाव', तिसऱ्याचं नुसतंच 'नवीन'. शोधायला जावं तर हाती भोपळा. म्हणून सगळ्यांची मिळून एकच टॅगसूची करायची ठरलं, आणि ते काम नाही म्हणायला उशीर झाल्यामुळे सुचिताबाईंच्या गळ्यात पडलं. पुढे मात्र त्या त्यात रमल्या. घासूनपुसून डबे फडताळात लावावेत तसे त्यांनी टॅग लावले. तळ्याच्या शाळेकडून 'भातलावणी' हा टॅग आला, तेव्हा आत काय आहे हे न बघताच त्यांनी तो 'शेती'त ढकलून दिला होता.

"भातलावणी म्हणजे शेतीच ना, सर?"

"उघडून तरी बघायचं. आत लोहचुंबक हाय, इंग्रजीची कविता हाय. त्यात कुठं आली शेती?"

"मग तो टॅग कशाला लावलात?"

"लावणीला पोरं शेतावर जातात. वर्गात उरतात पाच-सहा. त्या दिवसांतले धडे हायत ते. एका बैठकीत संपणारे, मागचं-पुढचं काही लागत न्हाय. जो आला न्हाय, त्याच्या घरच्या मोबाइलवर धडा जातो. पोरगं चार दिवसांनी आलं तरी मागं पडत न्हाय." सरांनी घाम पुसला. "शेतीत ठेवणार असाल तर धडे परत नेतो मी. तिथं कुणाला सापडणार ते?"

सरांची नजर एव्हाना वर्गावरून फिरली होती. डिसेंबरातला शनिवार. सात मुलं बसलेली, बाकी बाक रिकामे.

"पट किती?"

"एकवीस."

सर रिकामे बाक मोजू लागले. शेवटी बाईच म्हणाल्या, "समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांचे दिवस आहेत, सर. कुणाच्या घरी खोल्या दिल्यात, कुणाची शहाळ्याची गाडी आहे."

"या दिवसांत तुम्ही शिकवता काय?"

"उजळणी."

हा शब्द त्या दर वर्षी वापरत. जानेवारीत मुलं परत येत आणि गणितात अडखळत. आपलाच धाक कमी पडतो, असं वाटून त्यांना लाज वाटे, आणि लाज वाटे म्हणून त्या हे कुणाजवळ बोलत नसत.

"हा पहिला बाक कुणाचा?"

"श्रद्धाचा," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलीचा. आमच्याकडेही पाहुणे आहेत."

सरांनी बाकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. आता ते टोमणा मारणार म्हणून बाईंनी मनाची तयारी केली.

"मग मला शेतीतून काढा," सर म्हणाले, "आणि तुम्ही पण या माझ्या शेजारी."

बाईंना हसू फुटलं. बऱ्याच दिवसांत त्या वर्गात अशा हसल्या नव्हत्या. त्यांनी लॅपटॉप ओढला आणि सूचीत नवा टॅग केला: 'हजेरी कमी असताना'. त्याच्या पोटात 'भातलावणी' ठेवली, तिच्याशेजारी 'पाहुण्यांचा हंगाम' लिहिलं, आणि मन घट्ट करून ते शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं.

शाळा सुटेपर्यंत मोबाइल वाजतच होता. पेणच्या प्रणालीबाईंनी 'गणपतीचे कारखाने' घातलं; त्यांची अर्धी मुलं श्रावणात मूर्ती रंगवायला बसतात. कुणी 'वीटभट्टी' घातलं, कुणी 'सुकी मासळी'. एका गुरुजींनी 'क्रिकेटचे सामने' चालेल का म्हणून विचारलं आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. बाई एकेक नाव वाचत होत्या आणि त्यांना फार बरं वाटत होतं. हे दुखणं त्यांच्या एकटीचं नव्हतं.

सरांना जेवायला घेऊन त्या घरी आल्या, तेव्हा वाडीत पुण्याच्या पाहुण्यांची पंगत बसली होती. श्रद्धा सोलकढीचे पेले भरलेला ट्रे सावरत चालली होती. बाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि चुलीजवळ उभ्या असलेल्या नवऱ्यापुढे धरला.

"अहो, आजपासून वाढायचं काम तुमच्याकडे."

"आणि श्रद्धा?" हर्षदने विचारलं.

"तिची शाळा आहे."

"शाळा सुटली ना आत्ता?"

"तिची सकाळी भरलीच नव्हती. आता भरतेय."

माडाखाली चटई अंथरून बाईंनी श्रद्धापुढे मोबाइल धरला आणि 'हजेरी कमी असताना' उघडलं. पहिलाच धडा अपूर्णांकांचा होता. मोबाइलमधले बाळाजी सर भाकरीचे तुकडे करत बोलू लागले. शेजारी बसलेले बाळाजी सर लाजून माडाच्या शेंड्याकडे बघत राहिले. श्रद्धाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे, आणि ती खुदकन हसली. मग तिने पेन्सिल मागितली.

हर्षद डाव हातात घेऊन मागे येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायलाच आला होता, पण भाकरीचा तिसरा तुकडा होईपर्यंत तोही ऐकत राहिला.

"दादा, कालवण आणता ना?" पंगतीतून हाक आली.

"जरा थांबा," हर्षद मागे न बघताच म्हणाला, "शाळा भरलीय."