घड्याळाशेजारची भिंत

भिंगरीला जगातल्या सगळ्या डोळ्यांची माहिती होती, फक्त घरातल्या दोन डोळ्यांची नव्हती. हे तिनंच पुढे कबूल केलं, म्हणून सांगायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत तिचं काम ठरलेलं. माकडाच्या डोळ्यातला सायीसारखा पातळ पडदा बारीक तारांच्या जाळीवर पसरायचा, त्यावर उजेडाच्या चौकटी लुकलुकवायच्या आणि कुठली पेशी काय दिसलं की बोलते ते टिपायचं. पडद्याच्या मधोमध बुटक्या पेशींची दाटी असते. अक्षरं, नाकडोळे, सुईचं भोक, असले बारकावे त्यांच्याकडे. कडेला त्या विरळ होतात आणि मग भिस्त राहते ती छत्रीसारख्या पसरलेल्या मोठ्या पेशींवर. त्यांना चेहरा ओळखता येत नाही, पण काही हललं की त्या लगेच कलकलाट करतात. चित्र स्थिर ठेवलं की चिडीचूप. माकडाचं जे, तेच माणसाचं. हे ती नव्या लोकांना इतक्यांदा सांगायची की तिचं तिलाच हसू यायचं.

तिचे वडील घड्याळजी. वडिलांचं दुकान सांभाळायचं सोडून दोन वर्षांपूर्वी ती या नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा दोघांचं चांगलंच वाजलं. पुढच्याच वर्षी त्यांनी दुकानही बंद केलं. ती सुट्टीला घरी आली की ते बोलायचे तिच्याशी, पण बघायचे तिच्या कानापलीकडे. "मनात अढी धरलीय त्यांनी," असं ती आईला म्हणाली आणि मग तिनंही नाक वर केलं. दोघंही एकाच मातीची.

शेवटच्या भेटीत ते म्हणाले, "कोपऱ्यात काय बसलीस? उजेडात ये."

"बरी आहे इथेच."

"मग जरा उठून फीर तरी. लहानपणी घटकाभर बूड टेकत नव्हतीस, म्हणून तर भिंगरी म्हणायचो. आता दगडासारखी काय बसलीस?"

तिला तो टोमणा झोंबला. ती तासभर हट्टानं तशीच बसून राहिली, हातसुद्धा हलवला नाही. महिनाभरानं वडील झोपेतच गेले.

त्यानंतर एके दुपारी वडिलांच्या दुकानाशेजारचे शिंपीकाका एवढ्या लांब तिच्या प्रयोगशाळेत आले. त्यांनी खिशातून वडिलांचं डोळ्याला लावायचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"तुझ्याकडे असू दे. त्याला तरी कुठे उपयोग राहिला होता याचा."

"म्हणजे?"

काका खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "वेळ विचारली की गडी घड्याळाशेजारच्या भिंतीकडे बघायचा आणि वेळ बरोबर सांगायचा. मी चेष्टा करायचो. म्हणायचा, सरळ बघितलं की मधोमध डाग येतो, बाजूला बघितलं की काटे थोडे दिसतात. मीच नेलं डॉक्टरांकडे. मधला भाग गेलाय, परत यायचा नाही म्हणाले. म्हणून तर दुकान आवरलं."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"शपथ घातली होती मला. पोरीला कळलं तर काम टाकून येईल म्हणायचा. वहिनींनाही पत्ता लागू दिला नाही."

भिंगरीनं भिंग हातात घेतलं. कानापलीकडे बघत होते म्हणजे ते तिच्याकडेच बघत होते, डोळ्याचा जेवढा भाग शिल्लक होता तेवढ्यानं. परक्या कुणी असं तिरकं बघितलं असतं तर तिनं एका मिनिटात ओळखलं असतं. बापाच्या बाबतीत मात्र तिला फक्त राग दिसला. आणि त्या दिवशी त्यांनी मागून मागून मागितलं काय, तर थोडा उजेड आणि थोडी हालचाल. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की काकांकडे बघवेना.

ती उठली. टेबलापासून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"काय हरवलं गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका. बाबांनी फिरायला सांगितलं होतं."