कोपऱ्याच्या दगडाचं रगत

तळोद्याजवळच्या त्या गावात देवीच्या जुन्या देवळापुढे श्रावणझडीतही पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यावरच्या नव्या दगडाच्या सांध्यातून तांबडे ओघळ उतरत होते. त्यांच्याखाली सुरुपसिंग भगत सुपातले तांदूळ उडवत होता.

"देखा, देवी रगत रडी ऱ्हायनी! गावमा डाकीन शे!" तांदूळ पडले आणि त्याने ते वाचले. "दगूबाई!"

तांदळांना नेमकं तिचंच नाव सुचलं. भगताच्या औषधाला नावं ठेवणारी गावात तेवढी एकच बाई होती.

देवळासमोरच तिचं घर. घर मोडायला चौघे छपरावर चढलेसुद्धा. "मन्हा काय गुन्हा शे रे?" ती खालून ओरडत होती.

गर्दीत गिरधर मास्तर मान खाली घालून उभे होते. विज्ञान शिकवतात म्हणून पंचांनी चार-पाच वर्षांपूर्वी देवळाची डागडुजी त्यांच्यावर सोपवली होती. झिजलेला दगड काढताना त्यांनी पाहिलं होतं, दगड जोडणारी जुनी लोखंडी पट्टी शिसं ओतून बसवलेली होती. पण शिसं सुरतेहून यायचं होतं, जत्रा तोंडावर आली होती. "पट्टी नुसत्या चुन्यात बसवा," असं तेच म्हणाले होते. आठवड्यापूर्वी पहिले ओघळ दिसताच त्यांना कारण कळलं. पंच काय म्हणतील, या धास्तीने ते गप्प राहिले.

पहिलं कौल खाली पडून फुटलं, तसे ते पुढे झाले.

"थांबा! हे रक्त नाही. पहार द्या."

"देवीले पहार लावशात? हात झडी जाई!" भगत गरजला.

"झडू दे. चूक याच हाताची आहे."

त्यांनी सांधा उकरला. आत पट्टी गंजून फुगली होती, तिने नवा दगडही तडकवला होता. मास्तरांनी तांबडं बोट सगळ्यांपुढे धरलं. "लोखंडाला हवा-पाणी लागलं की गंज धरतो. शिशाने पाणी अडलं असतं. मी शिसं ओतू दिलं नाही."

"मंग मन्हा इळा भी देवी शे का रे, भगत?" गर्दीतली धनुबाई हातातला विळा उंचावून म्हणाली. "पानी लागनं का तो भी रडस!"

लोक हसले. भगताने सूप काखेत मारलं. दगूबाई मात्र हसली नाही.

"मास्तर, तुमले हाई कव्हय कयनं?"

"पहिल्याच दिवशी."

"आनि इतला दिन तुम्ही गप ऱ्हायनात?"

मास्तरांनी पहार खाली ठेवली. ते लोकांकडे वळले. "भिंतीतून काही झिरपलं तर भिंत उकलून पाहा. कारण सापडलं नाही, तर सापडलं नाही म्हणा. पण माणूस धरू नका. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये."

छपरावरचे चौघे हळूच खाली उतरू लागले.

"उतरू नका रे," दगूबाई म्हणाली. "काढेल कौलं पयले बसाडा."