डांबरगोळ्यांत कोंडलेला पेला

मित्रांनो, मी लांब दांड्याचा एक जुना काचेचा पेला. फिरोजाबादच्या भट्टीत जन्मलो आणि नाशिकला वाइनचं शिक्षण घेणाऱ्या रश्मीच्या हाती पडलो. पुढे वाइनच्या कारखान्यात वाइन पारखणं हे तिचं काम झालं. घोट तोंडात घोळवायचा, थुंकून टाकायचा आणि वाइन कशी आहे ते सांगायचं. तिच्या नाकाची काय वाहवा व्हायची! त्यात थोडा वाटा माझाही होता, असं मी समजतो.

मग तिला मोठा ताप आला आणि वासच येईना. नोकरी सुटली. आम्ही अकोल्याला, जठारपेठेतल्या तिच्या घरी आलो. पंचशील म्हणणारं, दारूला न शिवणारं घर ते. शेजारी काय म्हणतील म्हणून तिच्या आईनं, इंदूबाईंनी, मला साड्यांच्या पेटीत डांबरगोळ्यांमध्ये उपडं घातलं. वर्षभर मी तिथं गुदमरलो.

इकडे रश्मीला हळूहळू वास येऊ लागला होता. परवा तिच्या जुन्या कारखान्यातल्या गीतांजलीताईंनी कोवळ्या रिझलिंगची, म्हणजे नव्या पांढऱ्या वाइनची, बाटली पाठवली. चाखून फोनवर सांग, जमलं तर कामावर ये, म्हणाल्या. रश्मीनं मला घाईघाईनं नुसत्या पाण्यात विसळलं, वाइन ओतली, नाक घातलं. अशा वाइनला यायला हवा तो लिंबाचा वास नाही, हिरव्या सफरचंदाचा नाही. माझाच उग्र दर्प! मला एवढं मोठं तोंड, पण बोलता येईना. जीव तीळतीळ तुटत होता.

"रॉकेलसारखा वास येतो," ती फोनवर म्हणाली. तसा वास वर्षानुवर्षं मुरलेल्या रिझलिंगला येतो, कोवळ्या रिझलिंगला नाही.

"ही याच हंगामातली आहे, रश्मी. राहू दे. अजून आराम कर," म्हणत ताईंनी फोन ठेवला.

रश्मी जमिनीवरच बसली. "माय, माह्यं नाक मेलं. आता मी कोन्या कामाची?"

इंदूबाई मला उचलून, आतली वाइन ओतून टाकून पेटीकडे निघाल्या. साड्यांना वाइनचा वास नको लागायला म्हणून त्यांनी मला हुंगलं आणि थबकल्या.

"अवं, हा तं माह्या पेटीचा वास होय. तुह्यं नाक कायले मरते?"

रश्मीनं बाटलीत उरलेली वाइन स्टीलच्या पेल्यात ओतली, हुंगली आणि रडायलाच लागली. लिंबाचा वास होता. तिनं फोन लावला. कुणी उचलला नाही.

"लावत राय," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी मला सोड्यानं घासलं आणि रस्त्याकडच्या खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, सुलटं ठेवलं.

रश्मी अजून फोन लावतेच आहे. मित्रांनो, लाजेपोटी आम्हाला कोंडू नका. ज्या पेटीत कोंडाल तिचाच वास आम्हाला लागतो, आणि भोगतं मात्र दुसरंच कुणी.