यादी सत्तेचाळीसचा हिरवा बाण

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा आपला म्हणायचा; गेल्या नऊ वर्षांत माझा खरा रंग कोणी पाहिलेला नाही. माझा जन्म बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून टेम्पोत उभ्याने मी व्हाइटफील्डला आलो. रस्त्यात गर्दी एवढी, की मी पोहोचेपर्यंत कंपनीने आणखी दोन माणसे नेमली होती.

ही कंपनी दुकानांच्या जाहिराती लोकांच्या फोनवर पाठवते. कोणाचा नंबर काय, कोणी काय विकत घेतले, अशा दोनशे याद्या तिच्या डेटाबेसमध्ये आहेत. कोणती यादी कोणत्या यादीला जोडलेली आहे, याचा नकाशा डेटाबेस सांभाळणाऱ्या हेमलताबाईंनी माझ्यावर काढला. चौकोन म्हणजे यादी आणि बाण म्हणजे जोड. वर लाल अक्षरांत लिहिले, ‘पुसू नये’. मग काय विचारता माझा रुबाब! नवा माणूस आला, की त्याला आधी माझ्यापुढे उभे करत. त्याने हात जोडायचेच काय ते बाकी असे.

पुढे माझ्याकडे कोणी बघेना. माझ्या कोपऱ्यात डब्याच्या जेवणाची यादी लिहू लागले. ‘चित्रान्न – भव्या’ ही अक्षरे मी दोन वर्षे अंगावर वागवली.

मग पुण्याहून अमित नावाचे नवे साहेब आले. मला पाहून ते म्हणाले, “हा नकाशा आहे की जाळं?” मी दुखावलो. त्यांनी भव्याला कामाला लावले. भव्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे, मुलगी हुशार. तिने खास आमच्या कंपनीसाठी एक साधन तयार केले. एक कळ दाबली, की ते डेटाबेसमधल्या नोंदी वाचून सगळा नकाशा आपोआप काढणार होते.

ते बसवायचा दिवस उजाडला. पहिल्या खेपेला ते म्हणाले, परवानगी नाही. अमितसाहेबांनी परवानगी दिली, तर साधन म्हणाले, यांनाच परवानगी नाही! मला मनातून गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या खेपेला त्याने दोनशे चौकोन एकावर एक काढून ठेवले. तिसऱ्या खेपेला मात्र पडद्यावर सुबक, रंगीत नकाशा उमटला. टाळ्या पडल्या. मला मत्सर वाटला, खोटे कशाला बोलू?

“आता साफसफाई,” अमितसाहेब म्हणाले. “संध्याकाळी गौरी-गणपतीचे मेसेज जाणार आहेत. त्याआधी ज्या यादीला एकही बाण नाही, ती उडव. आणि हा फळा पूस. उद्या उतरवू.”

“सरी सर,” भव्या म्हणाली. सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’.

तिची पुसण्याची रीत वेगळी होती. माझ्यावरचा एक बाण ती बघे, तो पडद्यावर सापडला की मगच फडके फिरवी. मी हळूहळू गोरा होऊ लागलो आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. कारण यादी सत्तेचाळीस मला ठाऊक होती. ‘आम्हाला मेसेज पाठवू नका’ असे सांगणाऱ्यांची ती यादी. मेसेज सोडण्याआधी सॉफ्टवेअर तिच्यात डोकावते. यादीच नसेल, तर कोणीच नको म्हटलेले नाही असे समजून ते सगळ्यांना मेसेज पाठवते. ती ‘संदेश पाठवा’ला जोडणारा हिरवा बाण माझ्यावर होता. पडद्यावर तो नव्हता. मित्रांनो, फळ्याला तोंड नसते, ही फार मोठी गैरसोय आहे.

भव्याचे फडके हिरव्या बाणापाशी थांबले. “सर, हा त्यात नाहीये.”

“जुनी चूक असेल. पूस.”

फडके माझ्या अंगाला टेकले. मी डोळे मिटले असते, पण डोळेही नाहीत.

“स्वल्प थांबा सर. हेमलता अक्कांना विचारते.”

हेमलताबाई हातात डबा घेऊनच आल्या. बाण पाहिला, पडदा पाहिला आणि डबा टेबलावर ठेवला. “साधन बरोबर आहे गं, मीच चुकले. ही जोड मी डेटाबेसमध्ये नोंदवलीच नाही. फळ्यावर आहे ना, म्हटलं, पुरे झालं.”

मग त्यांनी मल्लेश्वरमच्या भीमाचार्यांची गोष्ट सांगितली. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना मिळालेला फोन नंबर पूर्वी कोणा नव्या आईचा होता. त्यामुळे त्यांना रोज मेसेज यायचे, ‘बाळ रांगू लागले? मोठे डायपर घ्या!’ ते हेमलताबाईंना फोन करून म्हणायचे, “अक्का, माझं बाळ रांगत नाही हो, माझेच गुडघे दुखतात.” बाईंनी त्यांना शब्द दिला होता, पुन्हा एकही मेसेज येणार नाही. यादीतले पहिले नाव त्यांचे होते.

“आणि आज ती उडवली असती तर?” अमितसाहेबांनी विचारले.

“तर संध्याकाळी भीमाचार्यांना पुन्हा बाळ झालं असतं,” हेमलताबाई म्हणाल्या.

साहेब आधी हसले, मग त्यांनी संगणकापुढची खुर्ची बाईंना दिली. बाईंनी तिथेच जोड नोंदवली. भव्याने कळ दाबली आणि पडद्यावर यादी सत्तेचाळीसपासून एक सरळ रेघ निघाली.

मला वाटले, आता मला हार घालतील. हेमलताबाईंनी भव्याच्या हातातले फडके घेतले आणि नऊ वर्षांपूर्वी स्वतः काढलेला बाण स्वतःच पुसला. मला वाईट वाटले. पण त्यांनी तो पुसण्याआधी तीनदा पडद्याकडे पाहिले होते, हे मी विसरणार नाही. त्या संध्याकाळी मेसेज गेले आणि मल्लेश्वरमहून फोन आला नाही.

मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करत नाही. फळा पुसण्यासाठीच असतो. फक्त पुसण्याआधी एकदा वाचा. आणि समजले नाही, तर ज्याने लिहिले त्याला विचारा, तो अजून शेजारच्या टेबलावर डबा खात आहे तोवर.