व्हिएन्नातला एकुलता एक शर्ट

वॉशिंग मशीनने काम संपल्याची टुणटुण वाजवली आणि दुपारच्या त्या शांततेत मी दचकलेच. आधी लेकीकडे, उजमाकडे पाहिलं. शाळेतून आल्या आल्या युनिफॉर्ममध्येच सोफ्यावर झोपली होती, एक मोजा पायात, एक हातात. हलली नाही. मी चोरपावलांनी मशीनकडे निघाले तोच फोन वाजला आणि बाई ताडकन उठून बसल्या.

"अब्बू! अब्बू व्हिएन्नाला पोचले!"

उजमाचे अब्बू, म्हणजे सकलैन, एरवी इथे ओमानमध्येच, पण लांब दुक्मला असतात. तिथल्या रिफायनरीत पंपांची देखभाल बघतात. तिथे सगळे पुरुष कॉन्ट्रॅक्टवर, कॅम्पात राहणारे. बायका-मुलांची सोय नाही. म्हणून मी आणि उजमा मस्कतजवळ सीबला, आणि ते एक आठवडा सोडून गुरुवारी रात्री येणार, शनिवारी दुपारी परत बसमध्ये बसणार. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. आता व्हिएन्नाच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीने त्यांना सोमवारी सकाळी मुलाखतीला बोलावलं होतं. नोकरी मिळाली तर फॅमिली व्हिसा. तिघं एका घरात. आठवडाभर माझ्या दुआत दुसरं काही नव्हतंच.

"रुबी, घोळ झालाय," स्क्रीनवर चेहरा आला तोच असा. "बॅग आली नाही. विमान बदललं तिथेच राहिली. उद्या संध्याकाळी देतो म्हणालेत."

"आणि पांढरा शर्ट?" तो मी इस्त्री करून, घडीत कागद घालून त्याच बॅगेत ठेवला होता.

"बॅगेतच. आता अंगावर आहे तो एकच." त्यांनी फोन खाली धरला. आकाशी शर्टावर खिशाखाली तेलाचा हा एवढा डाग. "तुझा खिमा. चपाती उलगडली आणि..."

"माझा खिमा! खाताना तोंड कुठे होतं तुमचं?"

"खिडकीत. खाली बर्फाचे डोंगर होते, गं."

"मग आता बाजारात जा आणि नवा घ्या. दुपार तर आहे."

त्यांनी फोन रस्त्याकडे वळवला. रिकामीच म्हणावी अशी एक ट्राम गेली. पलीकडे दुकानांची रांग, काचेमागे पुतळ्यांच्या अंगात छान छान शर्ट, आणि दारं सगळी बंद. एक म्हातारी कुत्र्याला फिरवत होती, बस्स.

"कुणी वारलं की काय गावात?"

"रविवार आहे, रुबी."

"मग?"

"मग इथे सुट्टी असते."

तिकीट काढताना मीच म्हणाले होते, रविवारी पोचा, वर्किंग डे आहे, काही राहिलं-बिहिलं तर बाजारातून घेता येईल. त्यांनीही मान डोलावली होती. इतकी वर्षं इथल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत काढून आमचा रविवार पार कामाचा होऊन गेलाय.

"आपल्या रत्नागिरीतसुद्धा रविवारी सुट्टी असते हो," मी म्हटलं.

"मी तर रविवारी शाळा बुडवायचो."

"रविवारी शाळा नसायचीच!"

"म्हणून तर कधी पकडला गेलो नाही."

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. स्टेशनातली दुकानं उघडी होती म्हणे. तिथे ब्रेड मिळाला, फुलं मिळत होती, शर्ट नाही.

"खलास. खोलीवर जा," मी म्हटलं. "धुवायचा."

हॉटेलच्या बेसिनपाशी फोन टेकवून माझा नवरा बनियनवर उभा राहिला. उजमाने स्टूल ओढून घेतलं, तिला सगळं बघायचं होतं.

"आधी डागावर शाम्पू. पाणी नको, नुसता शाम्पू. बोटाने चोळा. अहो, हळू! पंप नाहीये तो."

"अब्बू, शर्ट क्रायिंग आहे," पाणी गळायला लागल्यावर उजमा म्हणाली.

"पिळू नका. टॉवेलवर पसरा, गुंडाळी करा, आता उभे राहा तिच्यावर."

ते गुंडाळीवर उभे राहिले आणि लेकीसाठी थोडे नाचलेही. मग शर्ट हँगरला लावून खिडकीत टांगला. डाग गेला होता. गेल्यासारखा, निदान.

"आणि इस्त्री? रिसेप्शनवर विचारा."

"कशाला? किटली आहे ना स्टीलची. वाळला की उकळतं पाणी भरायचं आणि बुडाने दाबत न्यायचं. झक्क कडक होतो."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कॅम्पात सगळे असंच करतात. खोलीत इस्त्री ठेवू देत नाहीत."

"आणि मी देते ते इस्त्रीचे शर्ट?"

"ते पुरतात किती दिवस? नंतर किटली."

"कधी बोलला नाहीत."

"दोन दिवस येतो, त्यात इस्त्रीचं काय बोलत बसायचं?" ते हसत म्हणाले. मग टांगलेल्या शर्टाची बाही सरळ करत, "होईल ना गं, रुबी?"

"इन्शाल्ला होईल. पोटभर खा आणि झोपा."

फोन ठेवला. मशीनमधले कपडे काढले, बाल्कनीत गेले. ते किटलीने शर्ट दाबताहेत असं चित्र डोळ्यांसमोरून हलेना. उजमा मागोमाग आली आणि चिमटे एकेक करून माझ्या हातात देऊ लागली.

"मम्मा, अब्बूंना जॉब भेटला तर ते एव्हरी डे घरी येणार?"

"रोज. संध्याकाळी."

"स्कूल डे असला तरी?"

"तरी."

"ट्यूसडेला पण?"

"ट्यूसडेला पण."

तिने चिमटा हातातच धरून ठेवला. खूप विचार केला.

"मग ट्यूसडेला अब्बू घरी काय करतात?"