जुन्या आवृत्तीवर चालणारा मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कुंभकोणमला वेणुगोपाळरावांच्या घरी, खिडकीखालच्या टेबलावर असतो. फार बोललो की तापतो, म्हणून सावकाश सांगतो.

सोळा वर्षांपूर्वी सुरेंद्र नावाच्या दुकानदाराने सुटे भाग जोडून मला तयार केलं. तिथून मी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात गेलो. तिथे कामाला असलेले वेणुगोपाळराव माझ्यावर पत्रिका सजवत. मोर, केळीचे खांब, तमिळ मुहूर्त यांत दिवस कसे गेले कळलं नाही. "हा कधी अडत नाही," असं मालक गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे लोक पत्रिका फोनवरच पाठवू लागले. छापखाना बंद झाला आणि मालकांनी मला वेणुगोपाळरावांना देऊन टाकलं. घरी माझ्यावर जे कापड पडलं, ते तीन वर्षं निघालं नाही.

मग वेणुगोपाळरावांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रोज चित्रं दाखवा, शब्द म्हणवून घ्या. फोनवर तसे खेळ होते, पण तमिळ आणि इंग्रजीत. या घरात तर पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची मराठी बोलतात. त्यांची मुलगी कृष्णवेणी तिरुविडैमरुदूरच्या शाळेत गणित शिकवते. तिने ठरवलं, घरच्या शब्दांचा खेळ आपणच करायचा. शाळेचा लॅपटॉप समोर ठेवला, तर वेणुगोपाळरावांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणून माझं कापड निघालं.

खेळ बनवण्याच्या साधनाला गेम इंजिन म्हणतात. कृष्णवेणीने त्याची सर्वांत नवी आवृत्ती माझ्यात घातली. मी होता नव्हता तो जोर लावला. पडदा काळा झाला आणि त्यावर एक ओळ उमटली: तुमचं ग्राफिक्स कार्ड चालणार नाही. म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा माझा भाग फार जुना ठरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चेन्नईहून तिचा चुलतभाऊ मध्वेश फोनवर म्हणाला, "अक्का, भंगारात टाक तें. नवा घे."

"अप्पांस हाच ओळखीचा अहे," ती म्हणाली. "दुसऱ्यास ते हात लावत नाहींत."

रोज शाळेतून बसने दमून यायची आणि माझ्यासमोर बसायची. दहा दिवस असे गेले. शेवटी तिने टेबलावर डोकं टेकलं. "पोदुम," ती पुटपुटली. पुरे आता. तरी उठण्याआधी तिने इंजिन वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर एक प्रश्न लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. मागची आवृत्ती आम्ही जुन्या कार्डांसाठी अजून सांभाळतो. ती घ्या, खेळातल्या सावल्या बंद करा, चित्रं लहान ठेवा.

ती आवृत्ती चालली. अडखळत, पण चालली.

वेणुगोपाळरावांच्या पत्नी अंबाबाई यांनी आपल्या आवाजात बेचाळीस शब्द भरले. चित्र यायचं, थोडं थांबायचं, मग त्यांचा आवाज शब्द सांगायचा. दोन महिने वेणुगोपाळरावांचे नुसते ओठ हलत राहिले. मीही थकलो होतो, तेही.

एका दुपारी कृष्णवेणी शाळेत होती. पडद्यावर आंबा आला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"अं... बा."

"आले," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. अंबाबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय पाहिजे?"

मग त्यांना पडद्यावरचं फळ दिसलं. या घरात फळाचं नाव आणि त्यांचं नाव सारखंच ऐकू येतं. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. वेणुगोपाळरावांनी माझ्याकडे पाठ केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "अंबा."

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, नवं काही बनवाल. जरूर बनवा. पण मागची आवृत्ती कुणीतरी सांभाळत राहा. आमची धूळ पुसा, पंखा साफ ठेवा. आम्हाला टाकण्याआधी एकदा पाहा, आमच्यासमोर कोण बसलं आहे.